जुन्या गाडीला दुसरं इंजिन: कुठलं घ्यायचं, कसं ठरवायचं

पहिल्यांदा इंजिन बदललं तेव्हा मी एकच आकडा बघितला होता: सीसी. गाडी 1964 ची फोक्सवॅगन बीटल. मूळ इंजिन 1200 चं, सहा व्होल्टच्या वायरिंगवरचं. मिळालं ते 1600 चं, बारा व्होल्टच्या गाडीतून उतरवलेलं, बाहेरून कोरडं ठणठणीत. बीटलचं इंजिन गिअरबॉक्सला चारच ठिकाणी आवळलेलं असतं. दुपारी जुनं उतरलं, अंधार पडायच्या आत नवं चढलं. मग पुलीला पाना लावून हाताने फिरवायला गेलो तर आतून खर्रकन आवाज आला आणि पाना तिथेच अडकला.

सहा व्होल्टच्या बीटलचं फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या टोकाची जड दातेरी चकती, लहान असतं: 180 मिमीच्या क्लचसाठीचं, 109 दात्यांचं. बारा व्होल्टचं मोठं: 200 मिमी क्लच, 130 दाते. माझं मोठं फ्लायव्हील गिअरबॉक्सच्या कवचाला आतून घासत होतं. इंजिन पुन्हा खाली आलं. कवच आतून घासून जागा करावी लागली, सेल्फ बदलावा लागला, सेल्फच्या शाफ्टचं बुश बदलावं लागलं आणि शेवटी अख्खी गाडी बारा व्होल्टवर न्यावी लागली, म्हणजे बल्ब, कॉइल, वायपरची मोटर, सगळंच. विकणारा एका शब्दाने खोटं बोलला नव्हता. मीच विचारलं नव्हतं.

तेव्हापासून मी इंजिन बघायला जातो तेव्हा आधी त्याच्या कडा बघतो: ते कुठे कुठे जोडलं जाणार आहे ते. ताकदीचा विचार शेवटी. पुढचं सगळं त्याच क्रमाने लिहिलं आहे.

आधी जुनं इंजिन खरंच गेलंय का ते बघा

धूर मारणारं, ऑइल खाणारं, चढावर दम तोडणारं प्रत्येक इंजिन मेलेलं नसतं. बरीच वर्षं उभ्या असलेल्या गाडीत तर पिस्टनच्या रिंगा खाचांत चिकटून बसलेल्या असतात, आणि थोडं चालवल्यावर त्या सुटतातही. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी सेल्फ मारताच निळा धूर येऊन थांबत असेल, तर संशय व्हॉल्व्ह गाइड आणि सीलवर घ्या. ते काम हेड उतरवून होतं. अॅक्सिलरेटर दाबल्यावर निळा धूर सतत येत असेल तर रिंगा. काळा धूर बहुतेक वेळा कार्ब्युरेटरचा, आणि त्यासाठी इंजिन बदलणं म्हणजे सर्दी झाली म्हणून नाक कापण्यासारखं आहे. पांढरा, गोडसर वासाचा, इंजिन गरम झाल्यावरही न थांबणारा धूर म्हणजे कूलंट आत जातंय. हेड गॅस्केटपासून सुरुवात करा.

अंदाज पुरे, आता मोजा. कॉम्प्रेशन टेस्टला एक गेज आणि अर्धा तास लागतो. इंजिन चांगलं गरम करून घ्या. सगळे स्पार्क प्लग काढा. कॉइलची वायर काढून ठेवा, नाहीतर ठिणगी कुठेतरी उडेल. एकाने अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा, म्हणजे कार्ब्युरेटरचं झाकण उघडं राहून हवा मोकळी आत जाईल. हे विसरलं की सगळे आकडे खोटे कमी येतात. गेज लावून सेल्फ मारा आणि काटा वर जायचा थांबेपर्यंत चार-पाच ठोके मोजा. प्रत्येक सिलिंडरला तितकेच ठोके द्या.

समजा आकडे आले 145, 140, 90, 145 पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड दाब). तिसरा घोळ करतोय. त्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि पुन्हा मोजा. काटा 120 वर गेला तर ऑइलने रिंगांची फट भरली, म्हणजे झीज रिंग-पिस्टन-बोअरमध्ये (बोअर म्हणजे सिलिंडरचं भोक) आहे. 90 च राहिला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीये. दोन शेजारचे सिलिंडर एकसारखे कमी असतील तर दोघांच्या मधलं गॅस्केट उडालेलं असण्याची शक्यता मोठी. सगळ्या सिलिंडरमध्ये फरक दहा टक्क्यांच्या आत असेल आणि गरम इंजिनावर दर हजार आरपीएममागे साधारण 10 पीएसआय ऑइल प्रेशर मिळत असेल, तर ते इंजिन बदलायचा विचार सोडून द्या आणि कार्ब्युरेटर, टायमिंग, डिस्ट्रिब्युटर यांच्याकडे वळा.

जाम झालेल्या इंजिनाला मात्र घाई करू नका. प्लगच्या भोकांतून पातळ भेदक तेल सोडा, चार-सहा दिवस मुरू द्या, मग पुलीच्या नटाला लांब पाना लावून दोन्ही बाजूंनी हळूहळू हलवा. गाडी दुसऱ्या गाडीला दोर बांधून ओढत इंजिन सोडवायचा उद्योग मी बघितलाय. सुटलं ते पिस्टनच्या तुकड्यांसकट.

गाडीचं पुढे काय करायचंय

हा प्रश्न मेकॅनिकला विचारून उपयोग नाही, तो तुमचाच आहे. चॅसीवरचा आणि इंजिनावरचा नंबर कारखान्याच्या नोंदीशी जुळत असलेली गाडी आणि नंबर न जुळणारी गाडी, दिसायला सारख्या असल्या तरी संग्राहकाच्या लेखी दोन वेगळ्या वस्तू आहेत. जुन्या गाड्यांच्या संघटनांची जागतिक संस्था फीवा 1966 पासून काम करते. तिच्या व्याख्येत गाडी किमान 30 वर्षं जुनी तर हवीच, शिवाय ती ऐतिहासिकदृष्ट्या योग्य स्थितीत जपलेलीही हवी. आधुनिक इंजिन घातलेली गाडी रस्त्यावर कितीही मजा देवो, त्या चौकटीत ती बसत नाही.

तुमची गाडी दुर्मीळ असेल, नंबर जुळत असतील, तर माझं स्पष्ट मत: मूळ इंजिनच बांधून घ्या. महिने लागोत. ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं मुख्य ओतीव धड, तडकला असेल तरी आधी चांगल्या इंजिन-वर्कशॉपला दाखवा. घासलेल्या बोअरला लायनर घालता येतो, बिडाच्या तड्याला पिना मारून शिवण घालता येते. आणि दुसरं इंजिन घालायचंच ठरवलं तर मूळ इंजिन भंगारात देऊ नका. बोअरमध्ये ऑइल सोडा, सगळी भोकं बंद करा, जमिनीपासून उंच लाकडावर ठेवा, आणि नंबरचा फोटो काढून ठेवा. पुढे गाडी विकताना तो लोखंडाचा ढिगारा गाडीइतकाच बोलतो.

गाडी साधी असेल, हजारोंनी बनलेली, आधीच दोनदा इंजिन बदललेली, तर हात मोकळे आहेत. फक्त कागद आधी बघा. बऱ्याच देशांत इंजिन नंबर नोंदणीत असतो, धुराचे नियम कुठे गाडीच्या वर्षावर लागतात तर कुठे इंजिनाच्या, आणि विमा कंपनीला न सांगता इंजिन बदललं तर अपघातानंतर ती तुम्हाला ओळखही देत नाही. ही चौकशी इंजिन शोधायच्या आधी करायची, आणल्यावर नाही.

पर्याय: जवळून लांब

सगळ्यात जवळचा पर्याय म्हणजे आपलंच इंजिन बांधणं. त्याला लागून, त्याच मॉडेलचं दुसरं इंजिन: वापरलेलं, किंवा बांधून तयार केलेलं. बांधलेल्यातही दोन प्रकार. ब्लॉक, क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा), पिस्टन, कनेक्टिंग रॉड एवढंच असेल तर ते हाफ इंजिन, हेड तुम्ही आपलं चढवायचं. हेडसकट मिळालं तर काम कमी, पण हेड कुणाचं आणि कसं केलंय ते बघायची जबाबदारी वाढते. जुन्या बिडाच्या हेडमध्ये विचारायची एक गोष्ट ठरलेली: एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट कडक पोलादाच्या बसवल्यात का? पूर्वी पेट्रोलमधलं शिसं सीटला संरक्षण देत होतं. शिसं गेलं आणि मऊ सीट खाल्ल्या जाऊ लागल्या. व्हॉल्व्ह हळूहळू हेडमध्ये धसतो, टॅपेटची फट आपोआप कमी होत जाते आणि एक दिवस व्हॉल्व्ह बंदच होत नाही. हेड हातात आहे तोवर सीट बदलून घ्या.

माझ्या मते नवख्या माणसासाठी सर्वांत शहाणा पर्याय याच्या पुढचा आहे: त्याच घराण्यातलं थोडं मोठं किंवा थोडं नंतरचं इंजिन. फोर्डची केंट इंजिनं 1959 च्या अँग्लियात 997 सीसीने सुरू झाली आणि त्याच वंशात 1600 पर्यंत गेली. शेव्हरोलेचं स्मॉल ब्लॉक 1955 मध्ये 265 घनइंचाचं होतं, पुढे तेच 350 झालं. बाहेरची मापं जवळपास तीच, फाउंडेशनच्या, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवणाऱ्या रबरी आधारांच्या, जागा तशाच. बॉनेट उघडलं तर बघणाऱ्याला फरक पटकन कळतही नाही. सुटे भाग मिळतात, माहीतगार मेकॅनिक मिळतो.

पण भावाभावांत भांडणं असतात ती इथेच. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीचं 1798 सीसी इंजिन 1962 मध्ये आलं तेव्हा क्रँक तीन बेअरिंगवर होता, 1964 च्या अखेरीस पाच झाले, आणि त्याबरोबर मागची जोडणीही बदलली. शेव्हरोलेने 1986 मध्ये क्रँकच्या मागचं दोन तुकड्यांचं सील सोडून अखंड सील आणलं. फ्लायव्हील बसवायच्या बोल्टचं वर्तुळही लहान झालं, त्यामुळे 1985 चं फ्लायव्हील 1986 च्या क्रँकला बसत नाही. हे निदान बसतच नाही म्हणून कळतं तरी.

फोर्डच्या 302 घनइंची व्ही-8 चं प्रकरण जास्त वाईट. तिथे फ्लायव्हील आणि पुढचा डॅम्पर यांवर मुद्दाम ठेवलेलं असंतुलित वजन क्रँकचा तोल सांभाळतं. जुन्या इंजिनांत ते 28 औंस-इंच, 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपासून 50. दोन्ही फ्लायव्हील बोल्टला छान बसतात. चुकीचं लावलं तर गाडी चालू होते, आणि मग स्टीअरिंगपासून आरशापर्यंत सगळं थरथरतं. लोक फाउंडेशनचे रबर बदलतात, प्रॉपेलर शाफ्ट बॅलन्स करून आणतात, गिअरबॉक्स उतरवतात. दोष त्या एका चकतीत असतो.

त्यानंतर दुसऱ्या घराण्यातलं पण त्याच काळातलं इंजिन. याचं माझं आवडतं उदाहरण रोव्हरचं अॅल्युमिनियम व्ही-8. मुळात ते ब्युइकचं, 1961 चं. अमेरिकेत त्याचा जोर ओसरल्यावर रोव्हरने हक्क घेतले आणि 1967 पासून आपल्या गाड्यांत घातलं. ब्लॉक अॅल्युमिनियमचा असल्याने आठ सिलिंडरचं 3528 सीसीचं हे इंजिन वजनाला एमजीबीच्या लोखंडी चार सिलिंडरच्या आसपासच जातं. म्हणून 1973 ते 1976 मध्ये खुद्द कारखान्यानेच एमजीबी जीटी व्ही-8 बनवली. यातून घ्यायचा नियम साधा: तुम्हाला जो बदल करायचाय तो कारखान्याने कधी केला होता का ते शोधा. केला असेल तर फाउंडेशन, रेडिएटर, एक्झॉस्ट कुठून कसा वळवायचा, हे सगळं कुणीतरी पगार घेऊन आधीच सोडवून ठेवलेलं असतं.

शेवटचा पर्याय आधुनिक इंजिनाचा: इंजेक्शन, सेन्सर, कॉम्प्युटर. शेव्हरोलेच्या 1997 च्या कॉर्व्हेटबरोबर आलेल्या एलएस घराण्याला आज सगळ्यात जास्त मागणी असते, कारण ते आटोपशीर आहे आणि अॅल्युमिनियम ब्लॉकचं तर जुन्या लोखंडी स्मॉल ब्लॉकपेक्षा बरंच हलकं. गाडी रोज चालवायची असेल, लांब पल्ल्याला न्यायची असेल, तर हा पर्याय खरंच सुखाचा. पण पहिल्याच गाडीला हे करू नका असं मी सांगेन. यात इंजिन बसवणं हे निम्मंही काम नसतं. इलेक्ट्रिक मोटर घालणं हा तर वेगळाच विषय, तो इथे नको.

पुठ्ठा, मोजपट्टी आणि माती

पर्याय एक-दोनवर आले की मापं. नेटवर मिळणारी लांबी-रुंदी-उंची फक्त नकार देण्यासाठी वापरा. होकार गाडीत मोजूनच द्यायचा. नुसता रिकामा ब्लॉक आणि हेड मिळालं तर उत्तम. तेही नसेल तर पुठ्ठ्याचा सांगाडा करा: तीन बाजू कापून चिकटवल्या तरी चालतं.

तीन ठिकाणी गाडी अडते. पहिलं, खाली. सम्पची, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याची, खोल बाजू पुढे आहे की मागे? तुमच्या गाडीचा आडवा क्रॉसमेंबर आणि स्टीअरिंगचे रॉड नेमके तिथेच असतील तर इंजिन बसतच नाही, किंवा बसतं आणि चाक पूर्ण वळवल्यावर रॉड सम्पवर आदळतो. त्याच इंजिनाला दुसऱ्या मॉडेलचा सम्प मिळतो का बघा. बऱ्याचदा मिळतो, पण मग ऑइल पंपाची चोषण नळीही त्याच्याच जोडीची लागते. दुसरं, मागे. शेव्हरोलेच्या स्मॉल ब्लॉकचा डिस्ट्रिब्युटर मागे, फायरवॉलला चिकटून असतो. फोर्डच्या स्मॉल ब्लॉकचा पुढे. एवढ्या एका कारणाने किती जणांना फायरवॉल ठोकून आत घ्यावी लागली असेल. तिसरं, बाजूला: एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि स्टीअरिंगचा दांडा. व्ही आकाराच्या इंजिनात हा पेच जवळजवळ ठरलेला.

बॉनेटखालच्या जागेसाठी खेळायची माती वापरा. एअर क्लीनरवर चार गोळे ठेवायचे, बॉनेट हळूच पूर्ण बंद करायचं, उघडायचं आणि चपटा झालेला गोळा सुरीने कापून जाडी मोजायची. किमान 20-25 मिमी हवी. इंजिन रबरवर बसलेलं असतं. अॅक्सिलरेटर दाबला की ते अंग वळवतं, आणि थंड उभ्या गाडीत सुटलेली 5 मिमीची जागा चालत्या गाडीत उरत नाही.

गिअर लिव्हर कुठून वर येणार तेही याच वेळी बघा. इंजिन 10 सेंमी पुढे सरकवलं की लिव्हरही तेवढाच सरकतो आणि प्रॉपेलर शाफ्ट लांब करावा लागतो. इंजिनाचा मागे झुकलेला कोन आणि मागच्या एक्सलच्या पिनियनचा कोन एकमेकांना जुळते ठेवा, नाहीतर ठरावीक वेगाला एक घरघर येत राहते आणि तिचं मूळ कुणालाच सापडत नाही.

इंजिनाच्या मागे जे काही आहे

गिअरबॉक्सशी जुळवताना एकेक करून लिहून काढा: बेलहाउसिंगची (क्लचभोवतीच्या कवचाची) भोकं, क्रँकच्या टोकाचं पायलट बेअरिंग, गिअरबॉक्सच्या शाफ्टचे दाते, क्लच प्लेटचा व्यास, फ्लायव्हीलचे दाते, सेल्फ. माझ्या बीटलमध्ये यातल्या शेवटच्या तीन गोष्टी चुकल्या होत्या. भोकं जुळली म्हणजे काम झालं असंही नसतं. एलएसची बरीचशी भोकं जुन्या शेव्हरोले गिअरबॉक्सला जुळतात, पण क्रँकचं टोक सुमारे 10 मिमी पुढे असतं, म्हणून मधे तेवढा स्पेसर किंवा तसं फ्लायव्हील लागतं.

गिअरबॉक्स टिकेल का हे हॉर्सपॉवरवरून ठरत नाही, टॉर्कवरून ठरतं. दात मोडतो तो पिळाने. जुन्या गाडीत कमी आरपीएमला भरपूर ओढणारं इंजिन घातलं की आधी क्लच घसरतो, तो मजबूत केला की गिअर, तो बदलला की मागचा एक्सल. साखळीतली सगळ्यात कच्ची कडी पुढे पुढे सरकत राहते. म्हणून मूळ टॉर्कच्या दीडपटीवर जायचं असेल तर गिअरबॉक्ससकट इंजिन घ्या. एकाच गाडीतून उतरलेली जोडी सुट्या दोघांपेक्षा नेहमी सोपी जाते.

ब्रेकबद्दल मी हट्टी आहे. चारही चाकांना ड्रम असलेल्या गाडीत दुप्पट ताकद घालायची असेल तर ब्रेकचं काम इंजिनाच्या आधी पूर्ण करा. नंतर करू म्हणणाऱ्याचे पैसे इंजिनातच संपतात.

रेडिएटरला इंजिन किती मोठं आहे याच्याशी थोडंच देणंघेणं. त्याला उष्णता किती येते आणि हवा किती मिळते याच्याशी आहे. जुनाच रेडिएटर वापरायचा असेल तर आतून साफ करून, जाळी मोकळी करून घ्या आणि पंख्याभोवती कवच जरूर लावा. कवच नसलेला पंखा तीच गरम हवा गोल गोल फिरवत बसतो.

कार्ब्युरेटरला पेट्रोल 3 ते 6 पीएसआयने पुरतं. एलएससारख्या इंजेक्शनला 58 लागतं. म्हणजे पंप नवा, पाइप दाब सोसणारे, टाकीकडे परत जाणारी नळी, आणि वळणावर पेट्रोल एका बाजूला गेलं तरी पंपाला हवा ओढावी लागू नये म्हणून टाकीत आडभिंती. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असेल तर जुने रबरी पाइप कुठल्याही पर्यायात बदलायचेच. ते आतून सुटतात आणि त्यांचा चुरा कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतो.

वायरिंगमध्ये एक जुना सापळा आहे. 1967 पर्यंतच्या एमजीबीसारख्या अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं. आधुनिक अल्टरनेटर किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशन त्यावर लावलं तर क्षणात जळतं. आधी गाडी ऋण अर्थवर आणा, म्हणजे ऋण टोक बॉडीला जोडा. आणि कॉम्प्युटरवालं इंजिन घेताना मूळ गाडीची वायरिंग, कॉम्प्युटर, चावी आणि चोरीविरोधी यंत्रणा हे सगळं एकाच गाडीतलं मागा. चावी ओळखली नाही तर इंजिन फिरत राहील, पण पेट्रोल किंवा ठिणगी सोडणार नाही, आणि तुम्ही प्लग बदलत बसाल.

इंजिन बघायला गेल्यावर

टॉर्च, कापड, कॉम्प्रेशन गेज, चुंबक, मोबाइल एवढं सोबत न्या. शक्यतो इंजिन अजून गाडीत असतानाच, चालू करून बघा. तुम्ही पोचायच्या आधीच गरम करून ठेवलं असेल तर निमित्त काढून थांबा आणि थंड होऊ द्या. थंड इंजिन पहिल्या दहा सेकंदांत जे बोलून जातं ते नंतर लपवतं: खालून येणारी जड ठकठक बेअरिंगची, वरची हलकी टिकटिक टॅपेटची. दुसरी सहन होते, पहिली नाही.

ऑइलच्या झाकणाखाली पांढरी साय दिसली म्हणून लगेच घाबरू नका, कमी चालणाऱ्या गाडीत ती नुसत्या दमटपणानेही जमते. डिपस्टिकवरचं ऑइलच दुधाळ असेल तर मात्र पाणी मिसळलंय. ऑइलचा थेंब बोटांत चोळून टॉर्चखाली धरा. चमचम दिसली तर चुंबक लावा: ओढली गेली तर लोखंड, नाही गेली आणि तांबूस दिसली तर बेअरिंगचा वरचा थर झिजून आतलं तांबं उघडं पडलंय.

उतरवलेलं इंजिन असेल तर हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. क्रँकची पुली धरून पुढे-मागे खेचा. बीटलमध्ये हा खेळ 0.07 ते 0.13 मिमी असायला हवा, म्हणजे हाताला जेमतेम जाणवेल इतका. ठक् असा आवाज येत असेल तर परत फिरा. ब्लॉकच्या बाजूच्या गोल पत्र्याच्या प्लगांभोवती गंजाचे ओघळ बघा, आणि दोन प्लगांच्या मधे, पाण्याच्या जागेलगत बारीक आडवी रेघ आहे का तेही. पाणी गोठून तडकलेला ब्लॉक तिथेच फुटतो. ताजा रंग दिसला की नखाने कडा खरवडा. धूळ-ग्रीसच्या थरावरून मारलेला रंग पापुद्र्यासारखा सुटतो.

ब्लॉकवरचे ओतीव नंबर आणि ठोकलेले नंबर दोन्ही टिपून घ्या आणि त्या इंजिनाच्या यादीशी ताडून पाहा. कुठल्या सालचं, कुठल्या गाडीचं, किती बेअरिंगचं, ते तिथून कळतं. विकणाऱ्याच्या स्मरणशक्तीवर सोडू नका.

"इंजिन बांधलेलं आहे" या वाक्याला स्वतःचा असा काही अर्थ नाही. नवीन गॅस्केट आणि रंगाचा डबा यालाही कुणी बांधणं म्हणतं. मापं विचारा: बोअर किती ओव्हरसाइज, क्रँक किती घासलाय. बोअर 30 थाउ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाउ), म्हणजे पाऊण मिमी मोठा केलेला असेल तर ठीक. 60 थाउवर गेला असेल तर अनेक ब्लॉकची भिंत पुढच्या वेळेसाठी उरत नाही, आणि पातळ भिंत गरमही जास्त होते. क्रँक 10 किंवा 20 थाउ घासलेला चालतो, त्या मापाची बेअरिंग सहज मिळतात का तेवढं बघा. वर्कशॉपचा मापं लिहिलेला कागद असेल तर किमतीत घासाघीस कमी करा. तो कागद क्वचित मिळतो.

आणि जे जे इंजिनाला लटकलंय ते सगळं घ्या: ब्रॅकेट, पुल्या, अल्टरनेटर, सेल्फ, मॅनिफोल्ड, फ्लायव्हील, बोल्टसुद्धा. "हे नको, माझ्याकडे आहे" असं म्हणून सोडलेलं ब्रॅकेट नेमकं वेगळ्या मापाचं निघतं.

चढवायच्या आधी आणि पहिल्यांदा सुरू करताना

इंजिन स्टँडवर आहे तोवर क्रँकचं मागचं सील, पत्र्याचे प्लग, वॉटर पंप, क्लचचं रिलीज बेअरिंग, फाउंडेशनचे रबर बदलून टाका. यातली प्रत्येक वस्तू लहान आहे, आणि गाडीत बसल्यावर बदलायची तर प्रत्येकीसाठी इंजिन किंवा निम्मी गाडी उतरवावी लागते.

कॅमशाफ्ट नवा असेल आणि इंजिन सपाट टॅपेटचं असेल तर पहिली वीस-तीस मिनिटं निर्णायक. आधी पंपाला ड्रिल लावून, आणि ते जमत नसेल तरच प्लग काढून थोडा वेळ सेल्फने फिरवत, ऑइल प्रेशर येऊ द्या. टायमिंग आणि पेट्रोल इतकं नीट जमवून ठेवा की पहिल्या एक-दोन ठोक्यांतच चालू होईल. सेल्फ मारत बसलं की कॅमवर लावलेली पेस्ट पुसली जाते. चालू होताच आरपीएम 2000 ते 2500 च्या मधे न्या आणि थोडं वर-खाली करत ठेवा, आयडलला सोडू नका. टॅपेटला ऑइल क्रँकच्या फवाऱ्यातून मिळतं, आणि आयडलला तो फवारा अपुरा पडतो. ऑइलही जस्त जास्त असलेलं, जुन्या इंजिनांसाठीचं घ्या. आजच्या बहुतेक साध्या ऑइलमध्ये ते पूर्वीपेक्षा कमी असतं.

शेजारी पाण्याची बादली, आग विझवायचा सिलिंडर आणि प्रेशर गेजकडे एकटक बघणारा एक माणूस हवा. वेळ पूर्ण झाली की बंद करा, गरम असतानाच ऑइल काढा, फिल्टर उतरवून कापा आणि आतल्या कागदाच्या घड्या उलगडून उन्हात धरा. थोडी राखाडी भुकटी चालेल. चमकणारे कण बोटाला टोचत असतील तर गाडी रस्त्यावर नेऊ नका, इंजिन परत स्टँडवर घ्या.